चिंधीस कारण की

आमचा पोस्टमन निर्विकार माणूस आहे. लग्नपत्रिका, बँकेची नोटीस आणि तेराव्याचं बोलावणं तो सारख्याच चेहऱ्यानं देतो. परवा मात्र त्यानं दाराची कडी वाजवली, हातातली वस्तू दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "आजोबा, तुमचं धुणं पोस्टानं आलंय!"

मी हात पुढं केला. सहा इंच लांब, चार इंच रुंद असा एक कापडी तुकडा होता. एका अंगाला रंगीबेरंगी ठिगळं. दुसऱ्या अंगाला माझं नाव, पत्ता, अमेरिकेचं तिकीट आणि थेट कापडावर हाणलेला शिक्का. खाली नातीचं अक्षर : 'आजोबा, हे पोस्टकार्ड मी स्वतः शिवलंय. धुऊ नका.'

ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. हिला चष्म्याशिवाय वर्तमानपत्राचा मथळा दिसत नाही, पण कापड दिसतं. "अगंबाई! हा माझ्या हिरव्या खणाचा तुकडा. ही जाऊबाईंच्या इरकलीची किनार. आणि हे पट्टे... अहो, हा तुमचा पायजमा!"

खरंच माझा पायजमा होता. दोन वर्षांपूर्वी चिरंजीव इकडे आले होते, तेव्हा परतताना त्यांच्या बॅगेत लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून हिनं भोवती चिंध्या कोंबल्या होत्या. लोणचं संपलं. चिंध्या नातीनं उचलल्या. मी अजून पासपोर्टसुद्धा काढलेला नाही आणि माझा पायजमा अमेरिका पाहून, तिकीट लावून, सन्मानानं घरी परत आला होता.

कार्डाची रचना सोपी आहे. दर्शनी बाजूला चिंध्यांची नक्षी, मध्ये शर्टाच्या कॉलरीत घालतात तसलं ताठ बक्रम, पाठीला पांढरं सुती कापड, आणि चारी कडांनी मशीनची दाट नागमोडी शिवण, म्हणजे धागे सुटत नाहीत. न फुटणाऱ्या शाईनं पत्ता घातला की झालं. तिकडे गोधड्या शिवणाऱ्या बायकांत याचा चांगला प्रसार आहे म्हणे. एकमेकींना पाठवायची, साठवायची, भिंतीवर लावायची.

"पण चिंध्या पोस्टानं पाठवायचं हे खूळ काढलं कुणी?" हिनं विचारलं.

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तरला 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते. तो 'हा प्रश्न परीक्षेला येत नाही' असं म्हणतो. पण हिनं मला चौतीस वर्षं शिकवताना नव्हे, त्याहून जास्त काळ घरात पाहिलेलं आहे. तेव्हा मी तोऱ्यात म्हणालो, "अमेरिकन खूळ, दुसरं काय!"

"अमेरिकन कसलं? सासूबाई नव्हत्या का पाठवीत?"

मला कमी ऐकू येतं असा घरात एक सोयीस्कर समज आहे. मी त्याचा आधार घेतला आणि वाचनालयाची वाट धरली.

आता चिंधी म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. कुणाला हलकं पाडायचं तर 'चिंधीचोर' म्हणतात. उंदराला चिंधी सापडली आणि त्यानं तिची टोपी शिवून थेट राजाला वेडावलं, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, हसतो आणि उंदराच्या बाजूचे असूनही मोठेपणी राजासारखे वागतो. बायकांचं तसं नसतं. कृष्णाचं बोट कापलं तेव्हा सुभद्रेला घरभर एक चिंधी सापडली नाही, द्रौपदीनं मात्र अंगावरचं भरजरी वस्त्र फाडलं. पुढं त्या एका चिंधीचं व्याज भर सभेत किती गजांनी परत मिळालं ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हापासून आमच्या घरातल्या कुठल्याही बाईनं चिंधी टाकलेली नाही. वापरलेलं कापड आधी बोहारणीला दाखवायचं. तिनं नाकारलं तर त्याचा लोणच्याच्या बरणीला दादरा, मग गोधडीत ठिगळ, मग भांड्याला धरायला, मग पोतेरं. माझ्या एका सदऱ्याची ही चारी आश्रमांतली वाटचाल मी पाहिलेली आहे. त्याला निवृत्तीनंतर माझ्यापेक्षा जास्त काम होतं.

वाचनालयात बसल्यावर पहिला धक्का बसला तो असा की, पत्र आणि चिंधी ही मुळात दोन नव्हेतच. चीनमध्ये इ. स. १०५ च्या सुमारास त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्यानं कागद करण्याची कृती बादशहाला सादर केली. तिच्यातला माल काय, तर झाडाची साल, जुनी मासेमारीची जाळी आणि चिंध्या. युरोपात तर एकोणिसाव्या शतकात लाकडाचा लगदा येईपर्यंत कागद मुख्यतः चिंध्यांचाच होत असे. दारोदार हिंडून फाटकी कापडं गोळा करणारे लोक असत. म्हणजे तिकडच्या कवींनी आपल्या प्रेयसींना जी उत्कट पत्रं लिहिली, ती कुणा अनोळखी माणसाच्या विटक्या अंतर्वस्त्रांवर लिहिली होती. प्रेयसींना हे माहीत नव्हतं, तेच बरं.

आपल्याकडेही दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला हातकागद होत असे. जुने दोर, गोणपाट, चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, लगदा हौदात कालवून साच्यावर उचलायचा, वाळवून घोटायचा. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागदाची संस्था निघाली तिनंही सुती कातरणाचाच कागद केला. मी वर्गात पेशव्यांच्या पत्रांवर तासन् तास बोललो. त्यांतला मजकूर सांगितला, मायने सांगितले, तारखांचे घोळ सांगितले. ती कशावर लिहिली होती, हे एकाही पोरानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शिवाय 'खलिता' आहेच. 'दूत खलिता घेऊन आला' हे वाक्य मी वर्गात हजार वेळा उच्चारलं असेल. खलिता म्हणजे मुळात पत्र नव्हेच, पिशवी! राजेरजवाडे एकमेकांना आणि पुढं इंग्रजांच्या गव्हर्नर जनरलला पत्र पाठवीत ते घडी करून मलमलीच्या पिशवीत, ती पिशवी किनखापाच्या पिशवीत, तोंडाला दोरी आणि दोरीला लाखेची मोहोर. पिशवी इतकी रुबाबदार की लोक पिशवीलाच पत्र म्हणू लागले. लग्नात पाकिटावरच्या नक्षीवरून आहेराचा अंदाज करणारे आपण त्याच परंपरेतले.

मग युरोपातलं एक प्रकरण सापडलं. पहिलं पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ ला निघालं आणि आपल्याकडे १८७९ साली पाव आण्याला मिळू लागलं. कार्ड आल्यावर ते सजवायची हौस येणारच. १९०० च्या सुमारास फ्रान्समध्ये रेशमी जाळीदार पट्टीवर फुलं, निशाणं, पाखरं भरून ती पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवण्याची टूम निघाली. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकांतल्या शिपायांनी ही कार्डं बेसुमार घेतली. काहींना रेशमाचाच इवला खिसा, आणि खिशात त्याहून इवली चिठ्ठी. फ्रेंच आणि बेल्जियन निर्वासित बायकांनी ही हातानं भरली, असं वर्षानुवर्षं सांगत आले. अलीकडे अभ्यासकांनी टाके भिंगाखाली धरले आणि त्यांतली बरीचशी मशीनवर भरलेली असावीत असा निष्कर्ष काढला. मला अशा अभ्यासकांबद्दल आदर आहे, पण त्यांना मी घरी जेवायला बोलावणार नाही. ते पुरणपोळीतलं पुरण मिक्सरचं की पाट्यावरचं, तेही काढतील.

पोस्टानं कला पाठवण्याचा खरा मूळपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो रे जॉन्सन नावाचा अमेरिकन. जन्म १९२७. हा गृहस्थ आधी रीतसर चित्रं काढीत असे. मग त्यानं चित्रं कापायला सुरुवात केली आणि ते तुकडे पाकिटात घालून ओळखीच्या, अनोळखी, वाटेल त्या माणसाला टपालानं धाडू लागला. सोबत सूचना : यात भर घाला आणि परत पाठवा. किंवा, भर घाला आणि अमक्याला पाठवा. बिचारा अमका! त्याच्या या पत्रव्यवहाराला १९६२ साली एका मित्रानं 'न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल' असं भारदस्त नाव दिलं. शाळेला इमारत नाही, फी नाही, वर्ग नाहीत, पगारपत्रक नाही. मी ज्या शाळेत होतो तिथं इमारत होती, एवढाच काय तो फरक. १९६५ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'नं त्याला न्यूयॉर्कमधला सर्वांत प्रसिद्ध अप्रसिद्ध कलावंत ठरवलं. १९७० साली व्हिटनी म्युझियमनं या शाळेचं प्रदर्शन भरवलं. त्यात त्याचं स्वतःचं काही नव्हतं. त्यानं ज्यांना पाठवलं होतं त्यांनी पाठवलेल्या वस्तू होत्या. आणि १९७३ साली त्यानं त्याच वृत्तपत्राच्या मृत्युलेख विभागाला पत्र लिहून आपली शाळा वारल्याचं कळवलं. शाळा मेल्यावर पत्रं मात्र तशीच जात राहिली. १९९५ च्या जानेवारीत त्यानं सॅग हार्बरच्या पुलावरून पाण्यात उडी घेतली. का, ते त्यानं कुणालाच कळवलं नाही. आयुष्यभर सगळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या माणसाचं हे वागणं मला दोन दिवस खटकत राहिलं.

त्याचं ते 'भर घाला आणि परत पाठवा' मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "आमच्याकडे शेजारणीच्या वाटीचं तसंच असतं. रिकामी परत करायची नाही." मी गप्प बसलो. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकं नेमकं वाक्य मला एकदाही सुचलं नाही.

पण जॉन्सनचं सगळं हौसेचं. चिली देशातल्या बायकांना हौस परवडण्यासारखी नव्हती. ११ सप्टेंबर १९७३ ला तिथं लष्करानं सत्ता घेतली. माणसं रात्रीतून नाहीशी होऊ लागली. नवरे, मुलगे, भाऊ. पोलीस म्हणत, आम्ही कुणाला नेलेलं नाही. सांतियागो शहरातल्या बायका चर्चच्या आसऱ्यानं जमून शिवायला बसल्या. गोणपाटाचा चौकोन घ्यायचा आणि त्यावर चिंध्यांचं चित्र करायचं. डोंगर, घर, रांग, पोलिसाची गाडी, दारात उभी राहिलेली बाई. माणसं म्हणून चिंध्यांच्या इवल्या बाहुल्या. पुष्कळदा ही चिंधी त्या नाहीशा झालेल्या माणसाच्याच सदऱ्याची. पाठीमागं बारका खिसा आणि त्यात एक चिठ्ठी. ही चित्रं लपवून छपवून परदेशी गेली, विकली गेली, त्यावर इकडे चुली पेटल्या आणि तिकडे लोकांना कळलं काय चाललंय ते. तिथं पत्रं फोडून वाचली जात होती. पण शिवणकाम कोण वाचतो? बायकांच्या हातातल्या सुईदोऱ्याला कुठलंच सरकार मजकूर समजत नाही.

इथपर्यंत मी हिला रोज संध्याकाळी चहाबरोबर हप्त्याहप्त्यानं सांगत होतो. त्यानंतर वाचलं ते मात्र दोन दिवस सांगितलं नाही.

लंडनमध्ये १७४१ साली टाकून दिलेल्या मुलांसाठी एक आश्रम उघडला, फाउंडलिंग हॉस्पिटल. आया मूल आणून देत. आईचं नाव विचारायचं नाही आणि मुलाला आश्रमानं नवं नाव द्यायचं, अशी पद्धत. पण उद्या बाईचे दिवस पालटले आणि ती परत आली, तर तिचं मूल कोणतं हे ओळखायचं कसं? म्हणून मुलाच्या नोंदीच्या कागदाला एक खूण टाचायची. बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. मग खूण म्हणजे चिंधी. आईच्या झग्याची, मुलाच्या बाहीची, टोपीच्या फितीची. तशा सुमारे ५००० चिंध्या आज लंडनच्या दप्तरखान्यात त्या कागदांना टाचलेल्या आहेत. राजेराण्यांचे पोशाख संग्रहालयात राहिले. गरिबाचं कापड मात्र अंगावर विरतं, त्यामुळं अठराव्या शतकातल्या साध्या बाईनं तिकडे काय नेसलं हे पाहायचं तर आज याच वह्या उघडाव्या लागतात. कालिकतवरून 'कॅलिको' आणि आपल्या छिटावरून, म्हणजे आजीच्या चिटावरून, 'चिंट्झ' अशी नावं घेऊन बसलेली छापील सुती कापडंही त्यांत आहेत. म्हणजे पायजम्याच्या आधी बरीच वर्षं आपली कापडं परदेशी जाऊन आली होती.

११ फेब्रुवारी १७६७ ला चार्ल्स नावाचं एक बाळ तिथं आलं. नोंद १६५१६. त्याच्या आईनं वेगवेगळ्या छापील चिंध्या जोडून एक तुकडा शिवला होता, त्यावर लाल दोऱ्यानं बदाम भरला होता आणि तो बदाम मधोमध कापला होता. अर्धा आश्रमाच्या कागदाला टाचला, अर्धा तिच्यापाशी. आश्रमानं मुलाचं नाव बदललं, बेंजामिन ट्वर्ल ठेवलं. आठ वर्षं गेली. १० जून १७७५ ला सारा बेंडर नावाची बाई आली आणि मूल घेऊन गेली.

आकडे वाचताना मला एक वाईट खोड आहे, मी टक्केवारी काढतो. १७४१ ते १७६० या काळात आश्रमात आलेली मुलं १६,२८२. आयांनी परत नेलेली १५२. शेकडा एकसुद्धा नाही. उरलेल्या चिंध्या वहीतच राहिल्या.

तिसऱ्या दिवशी हिला हे सांगितलं. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता सासूबाईंचं बोला."

बोलायला हवंच होतं. माझी आई कोकणात, राजापूरपासून दोन मैलांवर. तिला लिहिता येत नव्हतं. मी मुंबईला नोकरीला लागलो तेव्हा महिन्याकाठी तिचं अंतर्देशीय पत्र येई. लिहिणारे गावचे गुरुजी. त्यांचा मजकूर ठरलेला : 'चि. यास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तिकडील कुशल कळवीत जाणे.' पाऊस असो, पूर असो, गाय विको, भाऊबंदकी होवो, इकडील सर्व क्षेम! त्या अंतर्देशीयावर स्पष्ट छापलेलं असे की, आत काही घालू नये. पण ते वाचायला तरी येत होतं कुणाला? गुरुजी पत्र लिहून तिच्या हवाली करीत, ती घरी नेऊन आत काहीतरी घाली आणि मग भाताच्या शितानं चिकटवी. पत्र उघडलं की आतून चिंधी पडे.

खोलीवरचे मित्र विचारायचे, "काय रे, आई नमुने पाठवते? कापडाचा धंदा आहे काय?" मी हसायचो. एकदा पिवळ्या झबल्याचा तुकडा आला. ताईला मुलगा झाल्याचं मला पुढं दीड महिन्यानं एका गाववाल्याकडून कळलं. एकदा हिरव्या चोळीचा. एकदा ताग्यावरच्या कोऱ्या मांजरपाटाचा, खळ तशीच. तेव्हा माझे चुलते गेले होते. ती सगळी बातमी पाठवीत होती. 'सर्व क्षेम' एवढं गुरुजींचं, बाकी पत्र तिचं. मी पदवीधर होतो, इतिहास घेऊन. मोडी वाचायचो. ते मात्र मला वाचता आलं नाही. त्या चिंध्यांनी मी सायकलची चेन पुसली, बूट पुसले आणि फाउंटनपेनची निब पुसली. सुती होत्या, शाई छान टिपायच्या.

शेवटच्या पत्रात तिच्या निळ्या लुगड्याचा तुकडा होता. जुनं लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. तेव्हा आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. पुढच्या महिन्यात तार आली.

हे सगळं मी हिला सांगितलं, म्हणजे मला वाटलं मी सांगतोय. ही उठली, आतल्या खोलीत गेली. लोखंडी ट्रंकेची कडी वाजली. परत आली ती पूर्वीचा चौकोनी बिस्किटांचा डबा घेऊन. डब्यात गुंड्या, हुक, रिळं, एक मोडका अंगुस्तान, आणि तळाशी घडी घातलेली एक निळी चिंधी. तिच्या एका टोकाला शाईचा काळपट डाग.

"तुम्ही निब पुसून खिडकीत टाकली होतीत," ही म्हणाली. "मी उचलली. तेव्हा मी नवी होते, तुम्हाला काही बोलत नव्हते."

नातीला उत्तर पाठवायचं होतंच. वाटी रिकामी परत करायची नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून मी बक्रम आणलं. "कॉलर कुणाची?" त्यानं विचारलं. "पत्राची," मी म्हटलं. त्यानं पैसे घेतले नाहीत, माझ्याकडे काळजीनं पाहिलं मात्र. मग आम्ही दोघं जमिनीवर पसरून बसलो. हिनं मशीन पुसलं, तेल घातलं. चिंध्यांचा डोंगर निघाला. नातीच्या बापाचं झबलं निघालं, माझ्या शाळेच्या निरोपसमारंभात मिळालेल्या शालीची दशी निघाली, आणि पट्ट्यांच्या पायजम्याचा उरलेला पायही निघाला. मी मांडणी करायचो, ही ती न बोलता बदलायची. मी काठावर स्वतः शिवण घालायचा हट्ट धरला. नागमोडी यायला हवी होती, ती नागासारखी सरळ बिळात गेली. हिनं उसवून पुन्हा घातली.

मधोमध जागा मोकळी ठेवली होती. तिथं निळं लावायचं, हे न बोलता ठरलं होतं. मी कात्री घेतली आणि हात थांबला. एवढासा तुकडा. अख्खा पाठवावा तर इथं काही उरत नाही. विमानातून, थैल्यांतून, कुणाकुणाच्या हातांतून जाणार. हरवला तर?

"द्या इकडे," ही म्हणाली.

तिनं चिंधीची घडी घातली, नखानं दुमड पाडली आणि बरोबर मधोमध कापली. स्वच्छ अर्धा भाग तिनं कार्डावर ठेवून मशीनचा पाय खाली केला. शाईचा डाग असलेला अर्धा माझ्या हातात दिला.